उंदरांतला पीसीओएस आणि शतावरी

इथे एकांनी शतावरीच्या अर्काने उंदरांचा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हार्मोन-विकार) बरा झाल्याचा दाखला देऊन 'मग बायकोला चूर्ण सुरू करू का' असं विचारलंय. अहो, त्या उंदरांना तो आपोआप झालेला नसतो, घडवलेला असतो. बरेचदा माद्यांना रोज किलोमागे 1 मिग्रॅ लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारं औषध) 21 दिवस पाजतात. अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन वाढतं, 4-5 दिवसांचं ऋतुचक्र अडतं, अंडाशयात पुटी (पाण्याच्या गाठी) दिसू लागतात. गंमत म्हणजे हेच लेट्रोझोल बायकांना बीज सुटावं म्हणून देतात, पण साधारण 5 दिवसच! मग अर्काने नक्की काय दुरुस्त केलं? लेट्रोझोल थांबवल्यावर अर्काशिवाय चक्र किती सावरतं, हे दाखवणारा गट नसेल तर मी तो पेपर सरळ बाजूला ठेवतो.

मात्राही बघा. उंदराला किलोमागे 400 मिग्रॅ दिलं असेल, तर माणसासाठी ढोबळमानाने 6.2 ने भागतात. म्हणजे 60 किलोच्या बाईला रोज जवळपास 4 ग्रॅम. तेही अर्काचे, चूर्णाचे नव्हेत.

पुरुषांच्या वंध्यत्वासाठी नर उंदरांवर केलेले असले प्रयोग तर कित्येकदा 28 दिवसांत गुंडाळतात. उंदरात शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे 52 दिवस लागतात, माणसात अडीच महिन्यांच्या आसपास. आणि गर्भधारणा झाली का, पिल्लं किती झाली, हे न बघता नुसत्या टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर 'वंध्यत्वावर गुणकारी' लिहून मोकळे.

वहिनींचे उपचार चालू असतील तर चूर्णाचं आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.