मदत हवी आहे: अंगणवाडी सेविका असलेली आई राजीनामा द्यायचं म्हणतेय

नमस्कार. माझी आई मराठवाड्यातल्या आमच्या गावात २१ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. वय ५३. गेल्या आठवड्यात तिने राजीनामा लिहून देव्हाऱ्यात ठेवलाय. अजून दिलेला नाही, म्हणून घाईने विचारतेय.

पोरांबद्दल ती कधी कुरकुरत नाही. तिला धडकी भरते ती मोबाइलची. हजेरी, आहार, वजन-उंची, गृहभेटी, सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायचं. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर घेणारीचा चेहराही जुळावा लागतो. त्याआधी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, आणि तिचा ओटीपी जातो त्या बाईच्या नवऱ्याच्या मोबाइलवर. नवरा चाकणला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. दारात बाया ताटकळत उभ्या, आणि आत मदतनीस मावशी एकट्याच पोरं सांभाळतायत. रेंज फक्त समाजमंदिराच्या गच्चीवर, त्यामुळे दुपारी आई उन्हात गच्चीवर. रात्री साडेदहाला ग्रुपवर सुपरवायझर मॅडमचा मेसेज: 'माहिती अपूर्ण का?' तोही सगळ्याजणींसमोर.

शिवाय बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आहेच. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्जही भरले. कागदोपत्री ती 'मानधनी', म्हणजे कामाला तास नाहीत आणि पगाराला पगार म्हणायचं नाही.

पहाटे तीनला उठून मोबाइल चार्ज झालाय का बघते. बीपीची गोळी सुरू झालीय. परवा एका पोराकडून खिचडीची ताटली सांडली, तर त्याच्यावर खेकसली. घरी येऊन न जेवता झोपली. हे मी कधीच पाहिलं नव्हतं. डिसेंबर २०२३ चा संप ५२ दिवस चालला, तेव्हासुद्धा ती इतकी खचली नव्हती. उलट मैत्रिणींबरोबर मोर्चाला जाताना खुशीत असायची.

राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते का? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनिसांचा हक्क मान्य केलाय, पण प्रत्यक्ष कुणाच्या हातात पैसे पडलेत का? डॉक्टरचा दाखला जोडून महिनाभर रजा कुणी घेतलीय का? मी पुण्यात असते. रोज फोनवर 'सोडून दे' म्हणू की 'थांब' म्हणू, कळत नाही.

प्रतिसाद: ताई, तो कागद तूर्त देव्हाऱ्यातच राहू दे. मी सेविका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. आधी रजेचा अर्ज करा, दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेली रजा पुढे गैरहजेरी होते. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सलग ५ वर्षं सेवा झाली की राजीनाम्यानंतरही हक्क लागतो, हिशेब सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराचा. पण माझा स्वतःचा अर्ज अजून टेबलाटेबलावर फिरतोय, तेव्हा त्या पैशांवर घर चालेल असं धरू नका. युनियनच्या तालुक्याच्या बाईंना भेटा. आईंचा नेमणुकीचा आदेश घरात आहे का? आमच्यातल्या कितीतरी जणींना तोच सापडत नाही.

धागाकर्ती: आदेश सापडला, २००४ चा, पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली. रजेचा अर्ज आईने आज दिला, शिक्काही घेतला. मॅडम म्हणाल्या, "बघू, आधी या महिन्याची वजनं पूर्ण करा."