मदत हवी आहे: ११० सीसी स्कूटरचा प्लग दर दीडशे किलोमीटरला काळा पडतो, इंजिन खरेच उघडावे लागेल का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी स्कूटर २०१५ सालची, चार स्ट्रोकची, कार्ब्युरेटर आणि ऑटोचोक (थंड इंजिनाला आपोआप जादा पेट्रोल देणारा भाग) असलेली असून ती आजवर ४१ हजार किलोमीटर चालली आहे. दिवाळीपासून तिने तीन प्लग खाल्ले. नवा प्लग टाकला की आठ-दहा दिवस काहीच तक्रार नसते. त्यानंतर सकाळी सेल्फ नुसता घरघरतो, किकने कशीबशी सुरू झालेली गाडी रेस सोडताच बंद पडते आणि चढावर मिस मारू लागते.

काढलेल्या प्लगचे वर्णन नीट करतो, कारण सगळा वाद त्यावरच आहे. कडेची धातूची गोलाई, इलेक्ट्रोड आणि आतले चिनी मातीचे पांढरे नाक हे सर्व कोरड्या, मऊ, काळ्या थराने झाकलेले असते. बोट फिरवले तर कंदिलाच्या काचेवरची काजळी लागावी तसा डाग लागतो आणि फडक्याने सहज पुसला जातो. तो थर ओला नाही, तेलकट नाही, खरवडावाही लागत नाही.

गावातील मेकॅनिकने प्लग हातात न घेताच रिंगा गेल्याचे सांगितले आणि बोर-पिस्टनच्या कामाचा पाच हजारांचा अंदाज दिला. मला ते पटत नाही. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असते तर तेल वर चढून प्लग चिकट झाला असता आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला असता. यांपैकी काहीही नाही. उलट डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही किंचित वर दिसते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो, म्हणजे जादा पेट्रोल न जळता तेलात उतरत असावे आणि काजळीही त्याचीच. पारावर बसणाऱ्यांचा रोष इथेनॉलवर आहे, पण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), आणि पातळ मिश्रणाने प्लग पांढुरका पडायला हवा, काळा नव्हे.

एअर फिल्टर मी बदलला आहे. तो तेलात मुरवलेल्या कागदाचा असल्याने त्याला हवा मारून पुन्हा बसवायचा नसतो, हे मला उशिरा कळले; पांदणीच्या काळ्या मातीने तो अक्षरशः लिंपला गेला होता. मात्र फरक अगदी थोडा पडला. प्लगचा क्रमांकही पुस्तिकेशी ताडून पाहिला. (दुकानदार ‘नंबर तोच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग देतात, तेव्हा सावध राहावे. एनजीकेमध्ये अंक वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा) होत जातो, तर बॉशमध्ये अंक वाढला की गरम.)

आता मुख्य निरीक्षण. यवतमाळला जाताना तीसेक किलोमीटर सलग पंचेचाळीसच्या वेगाने चालवून, गाडी न रेंगाळवता थेट चावी बंद केली आणि प्लग काढला, तेव्हा नाकाचे टोक फिकट तपकिरी झाले होते आणि फक्त कड काळी होती. एरवी माझी गाडी घर ते वावर अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्या दिवसातून चार वेळा करते आणि मधल्या वेळेत गोठ्यात उभी राहून थंड होते. प्लगचे नाक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काजळी जळून जात नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु मागच्या हिवाळ्यातही फेऱ्या एवढ्याच होत्या आणि प्लग वर्षभर टिकला होता. म्हणजे फेऱ्यांखेरीज काहीतरी बदलले आहे.

मला तीन गोष्टींचा संशय आहे: ऑटोचोक उघडाच राहतो, कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळते किंवा इंजिनाच्या ओढीने (व्हॅक्यूमने) उघडणाऱ्या पेट्रोल कॉकचा पडदा फाटून पेट्रोल नळीवाटे थेट इंजिनात ओढले जाते. इंजिन उघडण्याआधी या तिघांतील दोषी घरच्या घरी कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

भाऊ, आपली मांडणी पाहता इंजिनाला हात लावू नये. कॉकची परीक्षा सर्वांत सोपी आहे: व्हॅक्यूमची बारीक नळी मॅनिफोल्डकडून (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या नळकांड्याकडून) काढून हुंगावी; आत पेट्रोल ओले दिसले तर पडदा गेला. ती कोरडी असेल तर ऑटोचोककडे वळावे. त्यात मेण भरलेली एक नळी असते. इंजिन सुरू होताच वीज मिळून मेण तापते, फुगते आणि सुई पुढे ढकलून जादा पेट्रोलची वाट बंद करते. वीज पोहोचलीच नाही तर ती वाट उशिरापर्यंत उघडीच राहते. इंजिन थंड असताना तो काढून सुईची लांबी मोजावी, पेट्रोलपासून दूर नेऊन १२ व्होल्टच्या बॅटरीला पाच मिनिटे जोडावा आणि पुन्हा मोजावी. सुई काही मिलिमीटर पुढे आली तर ऑटोचोक चांगला, दोष वायरीत. आपण गाडी गोठ्यात लावता असे लिहिले आहे. ऑटोचोकच्या वायरीचा जोड (कपलर) आधी उघडून पाहा. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्याला खातो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. नळी कोरडी निघाली. सुई बॅटरीवर स्पष्टपणे पुढे सरकली आणि हाताला ऑटोचोक कोमट लागला. कपलर उघडला तेव्हा एका पिनेवर बुरशीसारखा हिरवा थर होता आणि वायर ओढताच हातात आली. नवी वायर आणि नवी पिन लावून घेतली, पेट्रोल मिसळलेले तेल बदलले आणि चौथा प्लग टाकला. आज २१० किलोमीटर झाले असून नाक तपकिरी आहे, कडेला मात्र थोडी काजळी अजून दिसते. ती एवढ्या छोट्या फेऱ्यांमुळे राहणारच, की कार्ब्युरेटरवरचा मंद गतीचा (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचे मिश्रण ठरवणारा) स्क्रू थोडा फिरवावा, एवढेच आता विचारायचे आहे. गाडी गोठ्यातून ओसरीत आणली आहे.