लसीकरणाच्या सत्रात आईला बाळाशी खेळण्याविषयी कसे सांगावे?

प्रश्न – समुदाय आरोग्य अधिकारी, परभणी जिल्हा

मी परभणी जिल्ह्यातील एका उपकेंद्रात काम करते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोससाठी आया बाळांना घेऊन येतात आणि त्यानंतर थेट नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला भेट होते. वजन, टोचणी, कार्डावरची नोंद आणि ताप आल्यास काय करायचे ते सांगून होईपर्यंत पुढची आई दारात उभी असते. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयाच्या बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे याची चित्रे छापलेली आहेत, पण ती पाने कोणी उघडल्याचे क्वचितच दिसते. मागच्या सत्रात एका आईला मी "बाळाशी बोलत जा" असे म्हटले, तेव्हा सोबतच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "त्याला आत्ताच काय कळायलंय, मॅडम?" मला उत्तर सुचले नाही असे नव्हे, पण तेवढ्या गर्दीत ते पटवून देणे शक्य नव्हते. आहे त्या वेळेत हे काम कसे बसवावे, टोचण्याआधी की नंतर, आणि याची कुठे नीट पारख झालेली आहे का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, लातूर

सासूबाईंना उत्तर तुम्ही देऊ नका, ते बाळाकडूनच मिळू द्या. दीड महिन्याच्या बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचा, म्हणजे वीत-दीड वीत अंतरावरचा चेहरा सर्वांत चांगला दिसतो; पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. बाळ जागे असेल आणि पोट भरलेले असेल, तर आईला त्याच्यासमोर चेहरा नेऊन दोन वाक्ये बोलायला सांगा आणि मग गप्प राहायला सांगा. बहुतेकांना हे गप्प राहणेच जमत नाही. बाळाला प्रतिसाद द्यायला मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. थोडे थांबले की ते ओठ हलवते, पाय झाडते, हुंकार देते, एखादे वेळी हसते. आईने त्या हुंकाराला हुंकाराने उत्तर दिले की बाळ पुन्हा बोलते. सासूबाईंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले की तुमचे भाषण वाचते.

वेळेचे म्हणाल, तर तो तुमच्याकडे आहे. लस टोचल्यानंतर प्रत्येक बाळाला अर्धा तास थांबवून घ्यायचे असते आणि तो अर्धा तास आया भिंतीला टेकून मोबाईल पाहण्यात घालवतात. मात्र टोचल्याबरोबर खेळाचा विषय काढू नये, कारण बाळ रडत असते आणि आईचा जीव खालीवर होत असतो. आधी तिला अंगावर पाजू द्यावे. माझ्या मते खेळ टोचण्यापूर्वी, वजनकाट्याजवळच करून घ्यावा आणि मागाहूनच्या अर्ध्या तासात त्याच खेळाविषयी कार्डाचे पान उघडून बोलावे.

पारख निश्चित झालेली आहे. न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयात बाळाच्या नियमित तपासणीच्या दिवशीच आई आणि बाळ खेळताना काही मिनिटांचे चित्रीकरण केले जाते आणि तेथील कार्यकर्ती ते लगेच आईबरोबर बसून पाहते. आईने काय चांगले केले, त्यावर बाळाने काय प्रतिसाद दिला, एवढेच त्यात दाखवले जाते. आपल्याला जवळचे उदाहरण मात्र कॅरिबियन बेटांचे वाटते. जमैका, अँटिग्वा आणि सेंट लुशिया येथील आरोग्य केंद्रांत 3 ते 18 महिन्यांच्या दरम्यानच्या पाच नियमित भेटींच्या वेळी प्रतीक्षालयात लहान चित्रफिती दाखवल्या गेल्या, आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यावर आयांशी चर्चा केली आणि तोच खेळ त्यांच्याकडून करून घेतला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 18 महिन्यांच्या मुलांच्या बौद्धिक विकासात फायदा दिसला. त्यासाठी वेगळ्या घरभेटी लागल्या नव्हत्या, बसायची जागाही तीच होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

कौतुक करताना नुसते "छान" म्हणू नका. "तुम्ही थांबलात म्हणून तो बोलला" असे म्हटले, तर आईला नेमके काय पुन्हा करायचे ते कळते. अडीच-साडेतीन महिन्यांच्या बाळांसाठी पालथे ठेवण्याचेही सांगा. जागे असताना, कोणीतरी समोर बसून, दिवसभरात थोडे थोडे मिळून अर्धा तास तरी बाळ पालथे असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. झोपवताना मात्र ते उताणेच हवे. आपल्याकडे मालीश करताना बाळाला पायांवर पालथे घेतलेच जाते, तेव्हा आजीने समोरून हाक मारायची, एवढीच भर घालायची आहे.

आणखी एक. हा खेळ म्हणजे तुमचीही तपासणीच आहे. दोन महिने उलटूनही समोरच्या चेहऱ्याकडे पाहून न हसणारे, आवाजाने न दचकणारे किंवा नवव्या महिन्यातही बा-बा, दा-दा असे काहीच न बडबडणारे बाळ खेळतानाच लक्षात येते. अशा वेळी "अजून खेळवा" एवढ्यावर सोडून न देता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

उत्तर – अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा

डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव ऊसतोडीला निघते, त्याचाही विचार झाला पाहिजे. फडावर आई पहाटेपासून कोयता धरते आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, लेकराजवळ असते ती सात-आठ वर्षांची बहीण. त्यामुळे जाण्यापूर्वीच्या डोसला मी त्या बहिणीलाही सोबत आणायला सांगते. तिला पदराआडून बुवा-कुक कसे करायचे, वाटी पालथी घालून त्याखाली चमचा कसा लपवायचा, हे दाखवले की ती आईपेक्षा लवकर शिकते. आठ-नऊ महिन्यांच्या लेकराला वाटीखालचा चमचा दिसत नसला तरी तो तिथेच आहे हे उमगू लागलेले असते, म्हणून या खेळात ते रमते. साडेतीन महिन्यांच्या लेकराला मात्र त्यात रस नसतो, त्याला खुळखुळ्याचा आवाज आणि गाणे पुरते. सगळ्या वयांना एकच खेळ सांगण्यात अर्थ नाही.

खेळण्यांवर खर्च करायला कोणालाही सांगू नये. पळी, झाकण, गोधडीच्या चिंध्यांचा चेंडू एवढे प्रत्येक घरात असते. सांगायचे ते सुरक्षिततेचे: सहाव्या महिन्यानंतर लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालते, तेव्हा हरभरा, शेंगदाणा, चिंचोका आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी आसपास नको. मध्ये बसवून चालवायचा चाकांचा वॉकर हल्ली बारशाला भेट म्हणून येतो, तोही नको. त्यातून पडून डोक्याला मार लागतो आणि चालणे काही लवकर येत नाही. उभे राहून ढकलायचा आपला जुना पांगुळगाडा वेगळा, पण तोही लेकरू आधार धरून उभे राहू लागल्यावर आणि कोणी जवळ असतानाच द्यावा.

साडेतीन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत भेट होत नाही असे आपण लिहिले आहे. त्या काळात आशाताईंची सहाव्या महिन्याची घरभेट असते. 3, 6, 9, 12 आणि 15 महिने असे त्यांचे वेळापत्रकच आहे. तुम्ही कार्डावर ज्या चित्राला खूण कराल, तिथून त्यांनी पुढे सुरू करावे. तुमच्या तालुक्यातील अंगणवाडी सेविकांनाही विचारात घ्या. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने झालेल्या 'आरंभ' उपक्रमात सेविकांना याच विषयाचे प्रशिक्षण दिले गेले आणि पालक मेळाव्यांत आई-बाबांकडून असे खेळ करून घेतले गेले.

उत्तर – निवृत्त आरोग्य सहाय्यक, नांदेड

कल्पना उत्तम आहे, फक्त यासाठी नवी नोंदवही काढू नका, ही हात जोडून विनंती. एकदा रकाना आला की खेळ राहतो बाजूला आणि रकाना भरला जातो.

वडिलांविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहितो. ते येत नाहीत असे आपण धरून चालतो, पण बहुतेक वेळा तेच मोटारसायकलवर घेऊन आलेले असतात आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली थांबलेले असतात. टोचणीनंतरच्या त्या अर्ध्या तासात त्यांना आत बोलवा आणि बाळ त्यांच्या हातात द्या. पहिल्यांदा ते संकोचतात, विशेषतः आई किंवा सासू समोर असेल तर. तेव्हा त्यांना बोलायला सांगू नये, नुसते बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीवरचे चित्र दाखवायला सांगावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची आभारी आहे. टोचण्याआधी खेळ आणि नंतर त्यावर बोलणे, हे या आठवड्यापासूनच करता येईल. डॉक्टरांना दोन शंका विचारते. चित्रीकरणाचा प्रकार आपल्याकडे करावा का? आणि अनेक बाळे केंद्रात येतात ती कुंचीत गुंडाळलेली आणि गाढ झोपलेली, त्यांच्या आयांशी काय करावे?

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, लातूर

चित्रीकरण करायचेच असेल तर ते आईच्या परवानगीने, तिच्याच मोबाईलवर करा. तुमच्या मोबाईलवर नको आणि गटात पाठवणे तर मुळीच नको. एक-दोन मिनिटे पुरतात. ते पाहायचे आईने आणि आजीने, बाळाला दाखवायचे नाही, कारण वर्षाच्या आतील बाळासाठी पडद्यासमोरचा वेळ शून्य असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच 2019 च्या सूचनांत आहे. जेवण भरवताना मोबाईल समोर धरण्याची सवय सहाव्या महिन्यात वरचा आहार सुरू होताना लागते, म्हणून हा विषय साडेतीन महिन्यांच्या डोसलाच काढून ठेवावा.

झोपलेल्या बाळाला खेळासाठी उठवू नये. वजनासाठी कपडे काढले की ते बहुधा आपोआप जागे होते. नाहीच झाले, तर या आठवड्यात बाळाने असे काय केले की घरातले सगळे हसले, एवढेच आईला विचारा. जवळजवळ प्रत्येक आईकडे याचे उत्तर असते, आणि तिने जे सांगितले तोच तिचा खेळ समजून कार्डावर त्या वयाच्या चित्रापाशी खूण करावी.