हाताच्या ऑपरेशनसाठी ब्लॉक: सोनोग्राफी पाहून की जुन्या पद्धतीने?

प्रश्न (साखळी):
माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना बरीच वर्षे सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट, दम लागणाऱ्या आजाराचा) त्रास आहे. पावसात स्कूटर घसरून त्यांचे मनगट मोडले आणि आता प्लेट बसवायची आहे. पूर्ण भूल देण्याऐवजी कॉलर बोनच्या वर इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू, असे सुचवण्यात आले आहे. आमच्या म्हापशाच्या मामांना असाच ब्लॉक पूर्वी सोनोग्राफीशिवाय दिला होता आणि तो उत्तम लागला होता. तेव्हा सोनोग्राफीचा आग्रह धरावा का?

उत्तर (भूलतज्ज्ञ, फोंडा):
जुन्या पद्धतीत हाडांच्या खुणा आणि धमनीचे ठोके चाचपून सुई घालतात व हातात झिणझिण्या आल्या की नस सापडली असे मानतात. पुढे नसेला सौम्य विद्युतप्रवाह देणारा नर्व्ह स्टिम्युलेटर आला, ज्यात सुमारे ०.५ मिलिअँपिअर प्रवाहावर बोटे हलली की औषध सोडतात. कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक १९११ पासून असाच दिला जात आहे, पण तिथे फुप्फुसाचे आवरण सुईच्या अगदी जवळ असते. सोनोग्राफीत धमनी, तिच्याशेजारचा नसांचा घोस, पहिली बरगडी आणि ते आवरण दिसते. औषध कुठे पसरते तेही दिसत असल्याने ते कमी लागते.

तरीही तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी आधी ब्लॉक कुठे द्यायचा हे विचारीन. मानेजवळचे औषध श्वासपटलाच्या (श्वास घेण्याच्या मुख्य स्नायूच्या) नसेपर्यंत पोहोचले, तर त्या बाजूचे श्वासपटल काही तास नीट हलत नाही, आणि सोनोग्राफीने ही शक्यता कमी होते, संपत नाही. मनगटासाठी काखेतला ब्लॉक पुरतो व तिथून फुप्फुस आणि ती नस दोन्ही दूर राहतात.

उत्तर (निवृत्त भूलतज्ज्ञ, मडगाव):
काखेच्या ब्लॉकबाबत सहमत आहे. मात्र पडद्यावर नस दिसली म्हणजे सुईचे टोकही दिसते असे नाही, आणि चूक बहुधा तिथेच होते. सोनोग्राफीमुळे औषध रक्तवाहिनीत जाण्याचा धोका घटतो, परंतु नसेला कायमची इजा होण्याचे, मुळातच अल्प असलेले, प्रमाण तिच्यामुळे घटल्याचे नक्की सिद्ध झालेले नाही. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली भूलतज्ज्ञाच्या मशीनचीही नोंदणी लागते, त्यामुळे लहान रुग्णालयात ते नसणे म्हणजे हयगय नव्हे. पद्धत कोणतीही असो, औषधाची विषबाधा झाल्यास लागणारे २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण) जवळ आहे का, हे अवश्य विचारा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वडील हृदयासाठी क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) घेतात, हे लिहायचे राहून गेले. त्याने काही बदलते का?

उत्तर (भूलतज्ज्ञ, फोंडा):
हे भूलतज्ज्ञांना आजच कळवा आणि गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर. काखेतील धमनी वरवर असते, रक्तस्राव झालाच तर ती बाहेरून दाबता येते. त्यामुळे काखेच्या बाजूने आणखी एक कारण मिळाले.