कालीबंगनचं नांगरलेलं शेत बघायला वडिलांना न्यायचंय, सल्ला हवा

शिवारकन्या:
वडील पंचाहत्तरीचे, उभा जन्म बैलांमागे गेला. नातीनं पुस्तकातून वाचून दाखवलं की राजस्थानात घग्गर नदीकाठी इ.स.पू. २८०० च्या सुमाराचं नांगरलेलं शेत सापडलंय. तेव्हापासून एकच धोशा, "मला ते तास बघायचेत," म्हणजे नांगरानं पडलेल्या सऱ्या. जानेवारीत जावं का? जोडून आणखी काय बघावं?

काळीमाती:
ताई, काकांना आधीच सांगून ठेवा, ते तास आता उघडे नाहीत. १९६० ते ६९ उत्खनन झालं, मग शेत टिकावं म्हणून पुन्हा मातीनं झाकलं. जागेच्या खुणेला काँक्रीटचे खांब आहेत. तिथं पोचल्यावर हे कळलं तर फार जिवाला लागेल. पण जाच. पिलीबंगा स्टेशन जवळ पडतं. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा. आणि जानेवारीच बरा, मोहरी उभी असते.

कुळीथपिठलं:
मोहरीवरून सांगते, या शेताची खरी गंमत तिथंच आहे. पूर्व-पश्चिम तास ३० सेंमीवर, दाट. त्यांना छेदणारे दक्षिणोत्तर तास १.९० मीटरवर, म्हणजे सव्वासहा फूट. उत्खननाच्या वेळी आसपासचे शेतकरी असेच तास काढत होते, दाट तासांत कुळीथ, विरळ तासांत मोहरी. मोहरी उंच वाढते, पण ओळ दक्षिणोत्तर असली की हिवाळ्यातल्या दुपारी तिची सावली तिच्याच ओळीत पडते. खालच्या कुळथाला ऊन मिळतं. आंतरपीक घेणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही!

तिफणवाला:
हरियाणात बनावलीला, सिंधू संस्कृतीच्या वस्तीत, मातीचा खेळण्याएवढा नांगर सापडलाय. लाकडाचा नांगर कुजून जातो, म्हणून मला त्या खेळण्याचं फार मोल वाटतं. त्याचा फोटो काकांना नक्की दाखवा. सोबत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, कोरीव मुद्रांवरचा पेरणीचा नांगरही दाखवा. त्याला वर बी सोडायचं चाडं, खाली नळी, थेट आपल्या पेरणीच्या पाभरीची आठवण येते. तिथल्याच सुमेरी लोकांनी मातीच्या पाट्यांवर शेतकऱ्याला लिहून ठेवलंय, बी सोडणाऱ्यावर नजर ठेव, दाणा दोन बोटं खोल पडू दे. माझे आजोबा चाड्यावर मूठ धरणाऱ्या आजीला हेच सांगायचे.

शिवारकन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं. झाकलंय म्हटल्यावर जरा गप्प झाले, मग म्हणाले, "झाकलं ते बरं केलं, पावसानं गेलं असतं." आत्ता अंगणात दोरी घेऊन सव्वासहा फूट मोजतायत. जानेवारीची तिकिटं काढते.