मदत हवी आहे: तळघराच्या खिडकीत ग्लास ब्लॉक बसवताना भोक मोठं निघालं

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ राहतो. घर १९५६ चं, तळघराच्या भिंती काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकच्या. वर जमिनीलगत तीन बुटक्या लोखंडी खिडक्या. गंजून चौकटी इतक्या फुगल्यात की एक उघडत नाही आणि एक बंद होत नाही. पाऊस तिरका आला की पाणी थेट वॉशिंग मशिनवर. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी तिथे ग्लास ब्लॉक (काचेच्या जाड विटा) लावलेत. उजेड येतो, आतलं दिसत नाही, फोडून आत शिरणंही अवघड. म्हटलं आपणही करू. कंत्राटदाराने तीन खिडक्यांचा आकडा सांगितला तेव्हा नवरा नुसता हसला, म्हणून हे घरचं काम.

आठ ब्लॉकचं तयार पॅनल आणलं. चार आडवे, दोन उभे. ८ इंची म्हणतात तो ब्लॉक प्रत्यक्षात पावणेआठ इंच असतो, मधे पाव इंचाचा सांधा, म्हणजे पॅनल पावणेबत्तीस बाय पावणेसोळा. आतून टेप लावून मोजलं होतं, बरोब्बर बसत होतं.

शनिवारी पहिली चौकट काढली. मधे ग्राइंडरने कापली आणि पहारीने आत ओढली. तेव्हा कळलं की ती दोन्हीकडे ब्लॉकच्या खाचेत शिरलेली होती. ती खाच गेल्यावर भोक वर साडेतेहतीस इंच, खाली पावणेतेहतीस. उंची डावीकडे १७, उजवीकडे साडेसोळा. गुण्यात (काटकोनात) काहीच नाही! सध्या प्लायवूड ठोकून ठेवलंय.

१. बाजूला पाऊण-एक इंच फट राहतेय. मालाने (सिमेंट-वाळूच्या) भरू की दुसरं पॅनल मागवू?
२. भिंत ८ इंच जाड. पॅनल बाहेरच्या अंगाला, मधोमध, की आतल्या अंगाला?
३. वरच्या फटीत माल भरायचा का? वर लाकडी पाट आहे, त्यावर मजला उभा आहे.
४. माल किती पातळ? बाबा (सांगलीत ओव्हरसियर होते) व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "मुठीत लाडू वळला पाहिजे." पिशवीवर लिहिलेलं पाणी घातलं तर आमटी होते.

थंडी तोंडावर आलीय, लवकर सांगा.

---

जुना_गवंडी: पॅनल परत करू नका, एवढी फट चालते. आणि बाबांचं ऐका. काच पाणी पीत नाही. आपल्या विटेला पातळ माल चालतो कारण वीट तो शोषून घेते, काचेवरून तो घसरतो आणि पॅनल खाली बसतं. मधोमध ठेवा म्हणजे बाहेर उंबऱ्याला उतार देता येईल. खाली अर्धा इंच माल, दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा मारून ओळंबा-लेव्हल बघा, मग थापीने माल ठासा. पॅनल पन्नासेक पौंडांचं असेल, आत एक माणूस आणि बाहेर एक, एकट्याने नको. वर मात्र माल अजिबात नको. काचेवर मजल्याचा भार येता कामा नये, शिवाय काच उन्हात फुगते. वर फोमची पट्टी आणि दोन्ही अंगांनी सीलंट. बाजूच्या सांध्यांतही पट्टी घालायचा नियम आहे, एवढ्या लहान खिडकीला बरेच जण ती घालत नाहीत. मी घालतो.

मिशिगनकर: ग्राइंडर चालवलात म्हणून काळजी वाटतेय. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला, तुमची चौकट त्याआधीची. उरलेल्या दोन कापण्याआधी रंग तपासून घ्या. आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

माल घालाल त्या रात्री तापमान ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार नाही ना, तेही बघा.

वैदेही_कोलंबस: ताई, दोन प्रश्न. वॉटर हीटर गॅसवरचा आहे का? आणि तळघरात कोणी झोपतं का?

धागाकर्ती: हीटर गॅसवरचाच आहे, मशिनच्या बाजूला. झोपत नाही कोणी. म्हणजे सासूबाई-सासरे आले की सहा महिने तिसऱ्या खिडकीच्या खोलीत झोपतात, वरचे जिने नकोत म्हणून.

वैदेही_कोलंबस: मग तिसऱ्या खिडकीला ग्लास ब्लॉक लावू नका. इथल्या बांधकाम नियमांत तळघरातल्या झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: मोकळी जागा ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या खिडकीला ५), उंची किमान २४ इंच, रुंदी २० इंच, खिडकीचा तळ आतल्या फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको. आत्ताच्या तुमच्या खिडकीतूनही सासरे बाहेर पडणार नाहीत, ते निराळं. ते काम शहराची परवानगी काढून, भिंत कापून घ्यावं लागेल.

हीटरचं असं, की तो खोलीतली हवा घेतो आणि धूर चिमणीतून सोडतो. इतकी वर्षं त्या फटी पडलेल्या खिडक्या त्याला हवा पुरवत होत्या. त्या बुजवल्यात तर धूर उलटा खोलीत येऊ शकतो. हवेसाठी झडप असलेलं पॅनल मिळतं, पण थंडीत झडप बंदच राहते, तिच्या भरवशावर राहू नका. चिमणीची ओढ तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा.

धागाकर्ती: अलार्म आणला. तिसऱ्या खिडकीबद्दल घरात चर्चा (वाचा: वादावादी) चालू आहे.

पहिली मात्र काल बसली! माल लाडूसारखाच केला. काचेवरचे डाग ओल्या स्पंजाने लगेच पुसले, तरी एका ब्लॉकवर पांढुरकी साय राहिलीय. आज पाचरा काढायला गेले तर तीन निघाल्या, उजवीकडची खालची मालात घट्ट. तशीच राहू दिली तर चालेल?

जुना_गवंडी: नाही. लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि ब्लॉकला तडा जाईल. बारीक ड्रिलने पाचरेचं पोट पोखरा, पकडीने तुकडे काढा, भोकात माल भरा. हातोडी नको. साय कोरड्या फडक्याने घासून बघा, ॲसिडच्या नादी लागू नका.

धागाकर्ती: ड्रिल शेजाऱ्यांकडे आहे, ते सहाला येतात. निघाली की फोटो टाकते.