भेटी मोजून आरोग्यसेवा कळते का?

मुक्ता_व
घरी येऊन ड्रेसिंग करणारी नर्स, बाळंतिणीची तपासणी, लसीकरण, रक्तदाबाच्या गोळ्या. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या या सेवांचा वापर किती, असं विचारलं की एकच आकडा पुढे येतो: महिन्यात भेटी किती झाल्या. पुढच्या वर्षीचा निधीही त्यावरच ठरवावा, असं म्हणणारे बरेच आहेत. माझा त्याला ठाम विरोध आहे.

भेटींच्या आकड्यात फक्त आलेली माणसं दिसतात. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की जिथे गरज जास्त, तिथेच चांगली सेवा कमी मिळते. अशा वस्तीत भेटी कमीच भरणार. म्हणून निधी कापला, तर आहे तेवढी सेवाही जाईल.

हेमंत_जो
पूर्ण असहमत. भेटी नकोत, तर मग मोजायचं काय? रुग्णालयाकडे खाटा असतात, ऑपरेशनं असतात, दाखल झालेल्यांची संख्या असते. कपातीची वेळ आली की ज्यांच्याकडे दाखवायला आकडा नाही, त्यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. घरोघरी फिरून केलेलं काम तर एरवीही कोणाला दिसत नाही. नोंद असेल तर निदान भांडता येतं.

मुक्ता_व
हेमंत, नोंद हवीच. पण तुम्ही अंश सांगताय, छेद कुठे आहे, म्हणजे एकूण किती जणांना सेवा हवी होती? आरोग्यसेवेचे अभ्यासक तानाहाशी यांनी १९७८ मध्ये सेवा पोचण्याच्या पायऱ्या मांडल्या: सेवा उपलब्ध आहे का, तिथवर जाता येतं का, लोकांना ती पटते का, प्रत्यक्ष भेट झाली का, आणि शेवटी गुण आला का. भेटींची संख्या चौथ्या पायरीवरच थांबते. पाचवी किती महत्त्वाची आहे ते बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१८ च्या अभ्यासानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टळू शकणारे वर्षाला सुमारे ८६ लाख मृत्यू होतात. त्यातले ५० लाख सेवेपर्यंत पोचलेल्यांचे आहेत. म्हणजे यांची भेट नोंदली गेली होती!

हेमंत_जो
छेदाचं एवढं कौतुक नको. जुन्या जनगणनेवरून लोकसंख्या धरतात आणि मग लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जातं. त्यापेक्षा भेटींचा साधा आकडा प्रामाणिक.

सुनंदा_परिचारिका
मी हे काम करते म्हणून लिहिते. मधुमेहाच्या पेशंटची टाचेची जखम दहा मिनिटांत बांधून निघता येतं. नाहीतर चप्पल कुठे घासतेय ते बघायचं, इन्सुलिन कुठे ठेवलंय ते उघडून बघायचं, एकच सुई किती वेळा वापरतात ते विचारायचं, पाय कोरडा कसा करायचा ते घरातल्या कुणाला तरी करून दाखवायचं. यात तास जातो. नोंदीत दोन्ही वेळा ‘१ भेट’. आणि दुसऱ्या पद्धतीने जखम लवकर भरते, म्हणजे पुढच्या भेटी घटतात, म्हणजे कागदावर माझंच काम कमी. वर तीच माहिती रजिस्टरमध्ये, ॲपमध्ये आणि मासिक अहवालात, तीनदा भरायची.

हेमंत_जो
सुनंदाताई, हे पटलं. मग जखम किती आठवड्यांत भरली ते नोंदवा आणि त्यावर पैसे द्या.

नमुना_पाहणी
तसं केलंत तर सोपे पेशंट आधी घेतले जातील. अवघड जखमेचा माणूस कोणाच्याच यादीत येणार नाही.

सेवा मिळाली का, ते आरोग्य केंद्राला विचारण्यापेक्षा घराला विचारा. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत होती: ३० वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत ७ मुलं, एकूण २१०. एवढ्यावर बऱ्यापैकी अंदाज यायचा, तोही केंद्राच्या दारातून परत गेलेल्यांसकट.

मुक्ता_व
+१. पण पाहणी काही वर्षांतून एकदा होते. नर्सला या आठवड्यात कोणाकडे जायचं ते कळायला हवं. ट्यूडर हार्ट आपल्या यादीतल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजत, नुसता दवाखान्यात आलेल्यांचा नव्हे. प्रत्येक केंद्राने आपल्या हद्दीतल्या माणसांची यादी ठेवावी आणि वर्षभरात कोणाला कोणीच भेटलं नाही, तो आकडा वर पाठवावा. निधी त्यावरून वाढवा.

हेमंत_जो
म्हणजे ज्याचं काम पोचलं नाही त्याला जास्त पैसे? मग पोचण्याची धडपड कोण करेल?

सुनंदा_परिचारिका
हेमंतजी, माणूस द्या, धडपड आम्ही करतो. सध्या एकीच्या वाट्याला दोघींची घरं आहेत.